माजी सैनिकाच्या गाडीला वेगळी नंबर प्लेट मिळते का? शौर्यपदक, टोलमाफी आणि ‘बीएच’ क्रमांकाचे नियम समजून घ्या

भोकरदन : तालुक्यातल्या बऱ्याच गावांत एक तरी घर फौजीचं असतंच. राजूर असो, हसनाबाद असो की पिंपळगाव रेणुकाई, सुट्टीवर आलेला जवान किंवा पेन्शनवर आलेला सुभेदार गाडी घेतो तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. सैन्यात शौर्यपदक मिळालेल्यांना किंवा शहिदांच्या घरच्यांना सरकार वेगळी नंबर प्लेट देतं का?

थेट उत्तर असं, की नाही देत. मोटार वाहन कायदा १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांत माजी सैनिक, पदकविजेते किंवा वीरपत्नी यांच्यासाठी प्लेटचा वेगळा रंग, वेगळी मालिका किंवा वेगळं चिन्ह ठरवलेलं नाही. परमवीर चक्र मिळालेल्या जवानाची स्वतःची गाडी जालन्यात नोंदवली तर तिलाही ‘एमएच २१’ चाच क्रमांक मिळणार, शेजाऱ्याच्या गाडीला मिळतो तसाच.

मग ही समजूत आली कुठून? एक कारण म्हणजे अमेरिका. तिथे राज्याराज्यांत अशा प्लेटी आहेत. युद्धात जखमी झालेल्यांना ‘पर्पल हार्ट’ची, सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ची आणि सेवेत मुलगा किंवा नवरा गमावलेल्या कुटुंबांना ‘गोल्ड स्टार’ची प्लेट मिळते. कॅलिफोर्नियात तिन्ही प्रकार आहेत. त्यांचे फोटो मोबाइलवर फिरतात आणि आपल्याकडेही असंच असेल असं वाटायला लागतं. दुसरं कारण घरचंच आहे, ते म्हणजे बाणाची प्लेट.

बाणाची प्लेट कुणाची?

लष्कराच्या ट्रकवर आणि जिप्सीवर वर टोक असलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, पुढे अक्षर आणि क्रमांक अशी प्लेट असते. ती सैन्याच्या मालकीच्या गाड्यांची. कायद्याच्या कलम ६० प्रमाणे या गाड्यांची नोंदणी संरक्षण खात्याकडे होते, आरटीओकडे नाही. अधिकाऱ्याच्या गाडीपुढे तारे आणि झेंडा दिसतो तोही सरकारी गाडीवर आणि त्या हुद्द्यापुरता. निवृत्त झाल्यावर गाडी परत जाते आणि तारेही जातात. जवानाच्या किंवा माजी सैनिकाच्या खासगी गाडीवर बाण रंगवायला परवानगी नाही.

पेंटरकडे जाऊन प्लेटवर ‘आर्मी’ लिहून घेण्याची हौस मात्र मोठी आहे. नियम ५० आणि ५१ प्रमाणे प्लेटवर नोंदणी क्रमांकाशिवाय काहीच चालत नाही, ना नाव, ना रेजिमेंटचं चिन्ह, ना पदकाची फीत. नियम मोडला तर कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा सापडलं तर १,५०० रुपये दंड आहे. काचेवर किंवा बंपरवर चार सिंहांची राजमुद्रा लावली तर प्रकरण आणखी वाढतं. त्यासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. जो सैनिक नाहीच आणि लोकांनी सैनिक समजावं म्हणून सैनिकाचा पोशाख किंवा ओळखचिन्ह वापरतो, त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ आहे. खरा फौजी सहसा या भानगडीत पडत नाही. ‘आर्मी’ची प्लेट मिरवणारे पुष्कळदा भाचे आणि मेहुणे असतात.

गंमत म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या झालेल्या उच्च सुरक्षा नंबर प्लेटवर, म्हणजे एचएसआरपीवर, निळ्या अशोकचक्राचा होलोग्राम असतोच. १ एप्रिल २०१९ पासून नवीन गाड्यांना ती कंपनीकडूनच बसून येते. त्याआधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात ती बसवून घ्यावी लागते. जीएसटी सोडून दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५ रुपये असा दर ठरला होता. माजी सैनिकांना यातून सूट नाही. ‘फौजी कोट्यातून प्लेट करून देतो’ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर असा कोटाच नाही, हे लक्षात ठेवावं.

पदकाचा खरा फायदा टोलवर

प्लेट नसली तरी पदकविजेत्यांना रस्त्यावर एक ठोस सवलत आहे आणि ती फार कमी जणांना माहीत आहे. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम २००८ मधल्या नियम ११ मध्ये टोलमाफी असणाऱ्यांची यादी आहे. त्यात सहा पदकं नाव घेऊन लिहिली आहेत : परमवीर चक्र, अशोक चक्र, महावीर चक्र, कीर्ती चक्र, वीर चक्र आणि शौर्य चक्र. अट एकच, की सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेलं फोटो ओळखपत्र दाखवायचं.

आता सगळीकडे फास्टॅग असल्याने नुसतं कार्ड दाखवून वाद घालत बसण्यापेक्षा सूट असलेला फास्टॅग काढलेला बरा. तो बँकेत किंवा पेट्रोल पंपावर मिळत नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे ऑनलाइन अर्ज करून गाडीचं आरसी बुक आणि पदकाचं ओळखपत्र जोडावं लागतं.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात, कारण टोलनाक्यावर भांडणं त्यावरूनच होतात. पहिली म्हणजे यादीत सेना मेडल, विशिष्ट सेवा मेडल किंवा लढाईत सहभागाची पदकं नाहीत. सेना मेडल हे मानाचं पदक आहे, त्यात वाद नाही, पण टोलमाफीच्या नियमात त्याचं नाव नाही. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. नियमात ‘पदकविजेता’ असा शब्द आहे. मरणोत्तर चक्र मिळालेल्या जवानाची पत्नी किंवा आई गाडीतून जात असेल, तर या नियमात तिचा उल्लेख नाही. ज्याने जीव दिला त्याचं घर यादीबाहेर आणि जो परत आला तो यादीत, अशी ही रचना झाली आहे. रेल्वेने मात्र हा भेद ठेवलेला नाही. याच चक्रांच्या विजेत्यांना मिळणारा मोफत प्रवासाचा पास त्यांच्या विधवा पत्नीलाही दिला जातो.

ही टोलमाफी राष्ट्रीय महामार्गापुरती आहे, हेही बघावं. भोकरदनहून संभाजीनगरमार्गे बीड, सोलापूरकडे जाताना लागणारा ५२ क्रमांकाचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. जालन्याजवळून जाणारा समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे, त्याला केंद्राचा हा नियम आपोआप लागू होत नाही. समृद्धीवर चढण्याआधी चौकशी करून घ्यावी.

साध्या माजी सैनिकाला, म्हणजे ज्याला चक्र मिळालेलं नाही त्याला, टोल भरावाच लागतो. सैन्यासाठी १९०१ चा जुना टोल कायदा आहे, पण तो सेवेत असलेल्यांसाठी. ‘माजी सैनिक’ ओळखपत्र दाखवून नाका उघडत नाही. वारंवार प्रवास असेल तर १५ ऑगस्ट २०२५ पासून निघालेला वार्षिक फास्टॅग पास परवडतो. सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते, असा हिशेब होता. तो खासगी कार, जीपलाच चालतो.

सेवेतल्या जवानासाठी ‘बीएच’

वेगळ्या दिसणाऱ्या प्लेटच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे ‘बीएच’ म्हणजेच भारत मालिका. ती सप्टेंबर २०२१ पासून सुरू आहे. क्रमांकात पुढे वर्षाचे दोन आकडे, मग ‘बीएच’, मग चार आकडे आणि शेवटी एक-दोन अक्षरं येतात. संरक्षण दलातले कर्मचारी, केंद्र व राज्य सरकारचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी तसंच चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ती घेता येते. सीआरपीएफ, बीएसएफचे जवानही केंद्राचे कर्मचारी म्हणून पात्र आहेत.

फायदा बदलीच्या वेळी कळतो. साध्या क्रमांकाची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवीन क्रमांक घ्यावा लागतो, एनओसी काढावी लागते, तिथला कर भरावा लागतो आणि इकडचा कर परत मिळवायला खेटे घालावे लागतात. बीएचला हे काही नाही. जम्मूहून झाशी, झाशीहून जोधपूर, क्रमांक तोच.

कर एकदम पंधरा वर्षांचा नसतो. दोन वर्षांचा किंवा दोनाच्या पटीत भरता येतो. जीएसटी सोडून गाडीची किंमत १० लाखांपर्यंत असेल तर ८ टक्के, १० ते २० लाखांत १० टक्के आणि त्यावर १२ टक्के असा दर आहे. डिझेलला २ टक्के जास्त, इलेक्ट्रिकला २ टक्के कमी. पण दोन वर्षं संपली की आठवण ठेवावी लागते, कारण मुदतीनंतर सात दिवस गेले की रोजचे १०० रुपये जास्त लागतात. जवान सीमेवर आणि गाडी गावात भावाकडे असेल तर ही तारीख घरच्यांनीच लिहून ठेवलेली बरी.

निवृत्त सैनिकाचं काय? पात्रतेत निवृत्तांचा वेगळा उल्लेख नाही. मात्र बरेच माजी सैनिक पुढे सरकारी बँकेत, महामंडळात किंवा शासकीय खात्यात लागतात. त्या नव्या नोकरीच्या ओळखपत्रावर बीएच घेता येतो. डिसेंबर २०२२ च्या बदलानंतर साध्या क्रमांकाची जुनी गाडीही कर भरून बीएचमध्ये आणता येते. बीएचची गाडी कुणालाही विकता येते. घेणारा पात्र नसेल तर त्याने साधा क्रमांक घ्यायचा.

कुणाला आपल्या पलटणीचा आकडा किंवा १९७१, १९९९ असं वर्षच प्लेटवर हवं असेल, तर सर्वांसाठी असलेला पसंती क्रमांकाचा मार्ग आहे. शुल्क भरून ऑनलाइन घ्यायचा, फौजीला त्यात सवलत नाही. ऑगस्ट २०२४ पासून महाराष्ट्रात असा क्रमांक पत्नी किंवा मुलामुलींच्या नावे करण्याची सोय झाली आहे.

घरच्यांनी हे आधी करावं

प्लेटच्या नादात एक जास्त गरजेचं काम मागे पडतं. ते म्हणजे गाडी नावावर करणं. मालक वारल्यावर, तो सेवेत असो की पेन्शनवर, वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर घ्यायची. हे कळवलं असेल तर मधले तीन महिने वारसाला ती गाडी वापरता येते. पुष्कळ घरांत गाडी वर्षानुवर्षं मयताच्याच नावावर राहते. मग अपघात झाला की विम्याचा दावा अडतो, विकायची म्हटली की गिऱ्हाईक मागे सरतं.

२०२१ पासून नोंदणीच्या वेळीच नॉमिनीचं नाव लिहिता येतं आणि जुन्या गाडीलाही ते नंतर जोडता येतं. सुट्टीत आलेल्या जवानाने वाहन पोर्टलवर पत्नीचं नाव घालून ठेवलं तर पुढची बरीच धावपळ वाचते. आरसी, विमा, मृत्यू दाखला आणि वारसाची ओळख ही कागदपत्रं लागतात.

वीरपत्नी आणि माजी सैनिकांची ओळखपत्रं जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळतात. शहिदांच्या पत्नीसाठी एसटीचा मोफत पास आणि २०२० पासून माजी सैनिकांच्या घरपट्टीला माफी, या दोन्ही राज्याच्या योजनांची चौकशी त्याच फेरीत करता येते. घरपट्टीसाठी ग्रामपंचायतीत त्याच कार्यालयाचा दाखला द्यावा लागतो, म्हणून जाताना पेन्शन पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि आधारची झेरॉक्स सोबत न्यावी.