हसणारी हडळ

हडळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उलटी पावले, मोकळे केस आणि गावाबाहेरची चिंच उभी राहते. २००९ साली अमेरिकन पडद्यावर जी हडळ अवतरली, ती मात्र शाळेत जाणारी, ओठांना रंग लावणारी, थट्टेखोर जिभेची पोरगी होती. चित्रपटाचे नाव ‘जेनिफर्स बॉडी’. त्याची कथा जितकी चमत्कारिक, त्याहून त्याच्या नशिबाची कथा मला अधिक चमत्कारिक वाटते; म्हणून हा खटाटोप.

आधी गोष्ट सांगतो. मिनेसोटा राज्यात डेव्हिल्स केटल नावाचे एक कल्पित गाव. (गाव कल्पित असले तरी त्या नावाचा धबधबा खरा आहे बरे का! ब्रूल नदीचे अर्धे पाणी तिथे एका खडकाच्या रांजणात पडून नाहीसे होते. ते जाते कुठे, हे वर्षानुवर्षे कोडे होते. अखेर धबधब्याच्या वरचा आणि खालचा प्रवाह मोजून २०१७ साली जलतज्ज्ञांनी सांगितले, की पाणी खाली पुन्हा नदीलाच येऊन मिळते.) या गावातल्या गुत्त्यात शहरातून एक वाद्यवृंद येतो. तिथे आग लागते, माणसे होरपळून मरतात, आणि त्या गोंधळात हे गवई जेनिफरला आपल्या गाडीत घालून नेतात. कशासाठी? कीर्ती मिळावी म्हणून सैतानाला कुमारिकेचा बळी द्यायचा असतो! पण त्यांचा हिशेब चुकतो, कारण जेनिफर तशी नसते. ती मरते आणि मरतही नाही. पिशाच्च होऊन परतते आणि वर्गातल्या मुलांना एकेक करून खाऊ लागते. हे सारे ओळखते ती तिची बालमैत्रीण नीडी.

यात हसण्यासारखे काय, असे तुम्ही विचाराल. हसू आहे ते गावाच्या वागण्यात. ज्यांनी पोरीचा बळी दिला, तेच गवई आगीतले वीर ठरतात. त्यांचे गाणे शोकगीत म्हणून घरोघर वाजते आणि साऱ्या गावाच्या डोळ्यांत पाणी येते. नीडी खरे सांगू पाहते, तर तीच दोषी! इतके कडू हसू मी फार थोड्या भयपटांत पाहिले आहे.

चित्रपट दोन बायकांनी घडवला. ‘जूनो’साठी २००८ साली ऑस्कर मिळवणाऱ्या डायाब्लो कोडी यांनी तो लिहिला, करिन कुसामा यांनी दिग्दर्शिला. तो त्यांनी मुलींसाठी केला होता. विकणाऱ्यांनी मात्र निराळेच गणित मांडले. ‘ट्रान्सफॉर्मर्स’मुळे मेगन फॉक्स घरोघर पोहोचली होती, तेव्हा तिला आखूड घागऱ्यात बाकावर बसवून भित्तिपत्रके छापली आणि तरुण पोरांना हाक घातली. पोरे आली, पण ज्याची आशा लावली होती ते दिसेना. उलट आपल्यासारखीच पोरे फाडून खाल्ली जात आहेत, असे दिसले! मुली तर ते चित्र पाहूनच फिरकल्या नाहीत. मिठाई म्हणून कारल्याची भाजी विकावी, तशातला हा प्रकार. कारली आवडणारा दुकानात येत नाही, आणि येतो तो शिव्या देत जातो.

१८ सप्टेंबर २००९ रोजी चित्रपट लागला. पहिल्या आठवडाअखेरीस सुमारे ६८ लाख डॉलर आणि पाचवा क्रमांक. खर्च १ कोटी ६० लाखांचा; जगभरची मिळकत ३ कोटींच्या थोडी वर. तिकिटाचा मोठा वाटा चित्रगृहांकडे जातो हे ध्यानात घेतले, तर याला यश म्हणवत नाही. टीकाकारही बहुतेक नाराज. रॉजर एबर्ट यांनी तेवढे चारांपैकी तीन तारे दिले.

याची किंमत कोणी मोजली? विकणाऱ्यांनी नव्हे. कुसामा यांचा पुढला चित्रपट ‘द इन्व्हिटेशन’ यायला २०१५ साल उजाडले. मेगन फॉक्सची तर वृत्तपत्रांनी चेष्टाच आरंभली. आपल्या रूपाचा जो बाजार मांडला गेला, त्याने त्या काळात आपले मन पार मोडून गेले होते, असे तिने २०१९ साली सांगितले.

मग ऑक्टोबर २०१७ आला. हार्वी वाइनस्टीन प्रकरण बाहेर पडले आणि हजारो स्त्रिया आपापले अनुभव सांगू लागल्या. तेव्हा कित्येकींना ही जुनी हडळ आठवली. गाडीत घालून नेलेली मुलगी, तिच्या जिवावर मोठे झालेले पुरुष, आणि टाळ्या पिटणारे गाव! २०१८ पासून यावर लेखांमागून लेख आले. २००९ साली शाळेत असलेल्या मुली आता स्वतः लिहित्या झाल्या होत्या, हेही त्याचे एक कारण. चित्रपटातले एक अक्षर बदलले नव्हते.

सारेच गुणगान मला पटत नाही. काही संवाद अतिशहाणे आहेत, आणि शेवटाकडे गोष्ट उगाच धावते. पण आगीच्या रात्रीचा तो प्रसंग, भेदरलेली जेनिफर निमूटपणे त्या गाडीत चढते आणि नीडी नुसती पाहत राहते, तो पाहताना मला हसू आले नाही. फराळाचे ताट पुढे घेऊन मात्र हा चित्रपट लावू नका; रक्त फार सांडते, आणि मुलांना आधी झोपवावे लागेल.