अभ्यासातलं मन अचानक उडालं तर आधी काय तपासायचं?

बारावीला रोज दहा तास अभ्यासाला बसणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात एकच पान उघडून तासभर बसून राहतो. डोळे ओळींवरून फिरतात, पण काय वाचलं ते आठवत नाही. लेक्चर बुडू लागतात, जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या वहीवरून उतरवलं जातं आणि आयुष्यात पहिल्यांदा केटी लागते. घरी याची तीन ठरलेली कारणं निघतात: मोबाइल, मित्र आणि आळस. यातलं आळस हे सर्वांत लंगडं कारण. वर्षानुवर्षं मेहनत केलेला माणूस दोन महिन्यांत आळशी होत नाही. काहीतरी बदललेलं असतं, आणि नेमकं काय बदललं हे शोधण्याआधी टाइमटेबल, शपथा आणि प्रेरणादायी व्हिडिओ यांचा फारसा उपयोग होत नाही.

अलीकडे अनेक विद्यार्थी रील्स पाहून 'आपल्याला एडीएचडी आहे' असा निष्कर्ष काढतात. इथे 'अचानक' हा शब्द महत्त्वाचा ठरतो. एडीएचडीचं निदान करताना त्याची काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून होती का, हे डॉक्टर पाहतात. एकोणिसाव्या वर्षी एकदम सुरू झालेली लक्ष न लागण्याची तक्रार सहसा दुसरीकडे बोट दाखवते. याला एक अपवाद आहे. काही हुशार मुलांचा चंचलपणा शाळेत झाकला जातो, कारण दप्तर आई भरते, गृहपाठाची आठवण ताई करून देते आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचूनही भागतं. घर सुटलं की हे सगळं उघडं पडतं. अशा वेळी शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचे जुने शेरे बरंच काही सांगून जातात.

सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे झोप, आणि नेमकी तीच कोणी गंभीरपणे घेत नाही. हॉस्टेलमध्ये दोनच्या आधी दिवे मालवत नाहीत आणि आठला प्रॅक्टिकल असतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी प्रौढांना सलग 14 रात्री सहा किंवा त्याहून कमी तासच झोपू दिलं, तेव्हा त्यांची एकाग्रता आणि स्मरणशक्ती इतकी घसरली की तो परिणाम एक-दोन रात्री अजिबात न झोपण्याच्या जवळ गेला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आपण किती मंदावलो आहोत हे त्या माणसांना नीट जाणवतच नव्हतं. म्हणून 'मला सहा तास पुरतात' हे विधान करणाऱ्यावर त्या बाबतीत फार विश्वास ठेवता येत नाही.

दुसरी पायरी साध्या रक्ततपासणीची. थायरॉइडचं काम मंदावलं की सुस्ती येते, विचार सावकाश होतात आणि वजन वाढतं. शुद्ध शाकाहारी मुलांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी असणं आपल्याकडे नवीन नाही. रक्तक्षय तर घराघरात आहे: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. मेसचं जेवण आवडत नाही म्हणून वडापाव आणि चहावर दिवस काढणाऱ्या मुलीला पुस्तकासमोर झोप येत असेल, तर आधी हिमोग्लोबिन, बी-12 आणि टीएसएच पाहावं. डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेल्यावरही काही आठवडे थकवा राहू शकतो. दारू किंवा गांजा सुरू झाला असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणानं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं सगळं निदान चुकतं.

झोप आणि रक्त दोन्ही ठीक असेल, तर बारावीकडे मागे वळून पाहावं लागतं. लातूरला किंवा पुण्याला क्लाससाठी राहिलेल्या मुलाचा दिवस दुसऱ्यांनी आखलेला असतो. उठण्याची वेळ, दर रविवारची टेस्ट, भिंतीवर लागणारी रँक, रात्री वडिलांचा फोन. अभ्यास होतो, पण तो या पराातीवर उभा असतो. प्रवेश झाला की परात एका दिवसात उतरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कोडी सोडवण्याचे पैसे दिले आणि नंतर ते बंद केले. पैसे थांबल्यावर त्या विद्यार्थ्यांनी मोकळ्या वेळात कोड्यांना कमी हात लावला. वर्षानुवर्षं फक्त रँकसाठी अभ्यास केलेल्या मुलाचं याहून फार वेगळं होत नाही. त्यातच शाखा कॅप राऊंडमध्ये जी मिळाली ती घेतलेली असेल, तर स्वतःचं असं कारण उरतच नाही.

मग लाज येते. तालुक्यात पहिला आलेला मुलगा वर्गात मधल्या रांगेतला होतो, पहिल्या युनिट टेस्टचे मार्क घरी लपवतो आणि त्या विषयाकडे पाहणंच टाळू लागतो. जितकं टाळावं तितका विषय मोठा वाटतो. अशा वेळी खडसावल्यानं गाडी रुळावर येईल, असं घरच्यांना वाटतं आणि मुलालाही वाटतं. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या संशोधकांना 2010 मध्ये उलट चित्र दिसलं. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली.

मात्र एक फरक ओळखता आला पाहिजे. अभ्यास नको वाटतो, पण क्रिकेट, गाणी, कट्ट्यावरच्या गप्पा अजून आवडतात, तर प्रश्न बहुधा अभ्यासाशी निगडित आहे. पूर्वी आवडणारं काहीच आवडेनासं झालं, भूक आणि झोप बिघडली, आपण निरुपयोगी आहोत असं वाटू लागलं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज राहिलं, तर नैराश्याची शंका घ्यायला हवी. लक्ष न लागणं हे नैराश्याच्या अधिकृत लक्षणांपैकीच एक आहे. इथे पालकांची फसगत होते: मुलगा रात्रभर मोबाइल पाहतो म्हणजे मजेत आहे, असं त्यांना वाटतं. रील सरकवणाऱ्या अंगठ्यात आनंद असेलच असं नाही. अनेकदा मोबाइल कारण नसतो, लपण्याची जागा असतो. आणि एकलकोंडेपणासोबत विनाकारण संशय किंवा कानात आवाज येणं सुरू झालं, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं.

उपचार डॉक्टर ठरवतील. दरम्यान हातात असलेली गोष्ट म्हणजे 'मूड आला की बसतो' हा क्रम उलटा करणं. नैराश्यावरच्या उपचारांत वापरली जाणारी एक पद्धत याच तत्त्वावर चालते: कृती आधी, उत्साह मागून. म्हणजे सकाळी ठरावीक वेळी उठून खोलीबाहेर पडणं, मोबाइल दुसऱ्याकडे ठेवून लायब्ररीत वीस मिनिटं एकच उदाहरण सोडवणं, आणि तेवढ्यावर थांबणं. बुडालेलं सगळं सत्र एका आठवड्यात भरून काढण्याचा बेत मात्र तिसऱ्या दिवशी कोसळतो. त्यापेक्षा कोणते दोन-तीन विषय या सत्रात वाचवता येतील हे वर्गशिक्षकांसोबत बसून ठरवावं. अटेंडन्स कमी पडत असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र वेळेत द्यावं, फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी नव्हे.

घरच्यांनी विचारायचा प्रश्नही बदलावा लागतो. 'अभ्यास झाला का?' याला उत्तर ठरलेलं असतं. 'झोप लागते का? जेवतोस का? कोणाशी बोलतोस?' याला सहसा खरं उत्तर मिळतं. जगण्यात अर्थ नाही असं बोलणं कानावर आलं, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. फोन पालकांनी किंवा रूममेटनं केला तरी चालतो.