धरण शंभर टक्के भरलं, पण कोणत्या शंभरातले?

पावसाळा लागला की आपल्या प्रत्येक ग्रुपवर मेसेज सुरू होतात. नळगंगा इतके टक्के, पेनटाकळी इतके, खडकपूर्णा इतके. शंभर झाले की जलपूजन, नारळ, फोटो. पण हे टक्के काढतात कशावरून, हे सहसा कोणी विचारत नाही.

धरण बांधतानाच खोरं मोजलं जातं आणि कोणत्या पातळीला किती पाणी मावेल, याचा तक्ता तयार होतो. पुढे दर पुराबरोबर गाळ येतो आणि धरणाचं पोट भरत जातं. तक्ता मात्र जुनाच राहिला, तर कागदावर शंभर टक्के आणि प्रत्यक्षात पाणी कमी! रब्बीचं पाणी आणि शहराचे नळ याच आकड्यावर ठरतात.

पूर्वी गाळ मोजायचा म्हणजे नाव घेऊन जागोजागी खोली मोजत फिरायचं. वेळखाऊ आणि खर्चिक काम. १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए हा भारताचा दूरसंवेदन उपग्रह बैकानूरहून सुटला. त्याच वर्षी नागपुरात राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभं राहिलं. नाशिकच्या ‘मेरी’ संस्थेनेही उपग्रहचित्रांवरून धरणांतला गाळ मोजला.

रीत सोपी आहे. धरण भरल्यापासून उन्हाळ्यापर्यंतची वेगवेगळ्या तारखांची चित्रं घ्यायची. अवरक्त चित्रात पाणी काळं दिसतं. त्या दिवशीची पातळी दप्तरात असतेच. त्या पातळीला पाण्याचा पसारा जुन्या तक्त्यापेक्षा आकसला असेल, तर तिथे गाळ बसलाय. उन्हाळ्यातही पाण्याखाली राहणारा तळ मात्र दिसत नाही; तिथे अजूनही नावच लागते.

२०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा लँडसॅट-८ ची चित्रं जगाने पाहिली. म्हणजे आपल्या जिल्ह्यावर आकाशातून नजर आहेच. ढगांतून पाहणारं रडारही आता आहे. ३० जुलै २०२५ ला गेलेला ‘निसार’ १२ दिवसांनी त्याच जागेवर परततो; जमीन किंवा भराव किंचित खचला तरी टिपू शकतो.

पण यंत्रावर सगळं सोडून चालत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तिथे कमी पडला तो ऐकणारा माणूस.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक धरणाचा गाळ शेवटचा कधी मोजला आणि आज खरी साठवण किती, हे टक्केवारीशेजारीच छापा. पूर्णेवर जिगाव उभं राहतंय. तिथे ही सवय पहिल्या वर्षापासूनच लावा.

तुमच्या गावाजवळच्या धरणात गाळ किती चढलाय? कमेंटमध्ये सांगा.