सोंगाड्याला सगळं ऐकू येतं

आजचा एपिसोड जोक्सबद्दल आहे, पण नवीन जोक्सबद्दल नाही. तेच ते, पुन्हा पुन्हा येणारे, पुढे काय होणार हे आधीच माहीत असलेले आणि तरी हसवणारे जोक्स. नेहमीप्रमाणे ऑडिओ वर आहे, आणि ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी हे खाली लिहून काढलंय.

सुरुवात लांबून करतो. १९९४ साली अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर एक विचित्र शो आला, ‘स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट’. स्पेस घोस्ट हा १९६६ च्या हॅना-बार्बेराच्या कार्टूनमधला सुपरहिरो. अठ्ठावीस वर्षांनी त्याला टॉक शोचा होस्ट करून टेबलामागे बसवला. त्याचे जुने शत्रू त्याच्याच हाताखाली नोकरीला: झोरॅक नावाचा नाकतोडा वाद्यवृंद सांभाळतो आणि मोल्टार डायरेक्टर. बरंचसं ॲनिमेशन जुन्या मालिकेतलंच, कापून चिकटवलेलं. पाहुणे मात्र खरे, हाडामांसाचे कलाकार, वरून खाली येणाऱ्या टीव्हीच्या पडद्यावर दिसायचे. गंमत अशी की मुलाखत आधीच रेकॉर्ड झालेली असायची आणि नंतर प्रश्न बदलले जायचे. त्यामुळे पाहुणा उत्तर देतोय एका प्रश्नाचं आणि आपल्याला ऐकू येतोय भलताच प्रश्न. ‘तुम्हाला पुरेसा ऑक्सिजन मिळतोय ना?’ असं होस्ट अधूनमधून विचारायचाच. झोरॅक मध्येच टोमणा मारणार, होस्ट हातातल्या पट्ट्यातून किरण सोडून त्याला भाजून काढणार, आणि पाच मिनिटांनी झोरॅक पुन्हा टवटवीत. जगभर याचं कौतुक झालं: टॉक शो आतून फोडला, मुलाखत या प्रकाराचीच खिल्ली उडवली वगैरे.

बरोबरच आहे ते. पण मी मिरजेचा. माझ्या तालुक्यात कवलापूर नावाचं गाव आहे. सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागलात की लागतं. हल्ली हे नाव विमानतळाच्या बातम्यांत दिसतं. तमाशाच्या जगात मात्र ते वेगळ्याच कारणासाठी ओळखलं जातं, आणि प्रश्न एक, उत्तर भलतंच हा धंदा तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलाय.

तमाशाचा क्रम थोडक्यात सांगतो. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण: गोपी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, त्यांच्याबरोबर मावशी, आणि वाट अडवायला कृष्ण आणि पेंद्या. मग बतावणी. शेवटी वग, म्हणजे मुख्य नाट्य. आपल्याला आज बतावणीत रस आहे. बतावणी म्हणजे बोलणं, दोघांचं. एक सरदार किंवा नाईक, म्हणजे फडाचा शहाणा माणूस, आणि एक सोंगाड्या. सरदार विचारणार, सोंगाड्या उत्तर देणार. टॉक शोच झाला की हा. फक्त सोफा नाही.

आता याचा साचा बघा. नमुना माझा आहे, साचा त्यांचा:

“नाव काय रं तुजं?”
“कुणाला सांगायचं?”
“मला.”
“तुमास्नी ठावं न्हाय?”
“न्हाय.”
“मग माजा पगार कुणाच्या नावानं लिवता?”
“पगार? अजून चालू कुटं केलाय?”
“मग नाव कशापायी इचारताय!”

मागे उभे असलेले सुरत्ये यावर ‘हां’ भरणार, ढोलकीवाला एक थाप देणार. झोरॅकचं काम इथे ढोलकी, तुणतुणं आणि कडं मिळून करतात. ते साथीला असतात, पण मध्येच संवादात घुसून सोंगाड्याची किंवा सरदाराची उतरवायलाही मागेपुढे पाहत नाहीत.

साचे मोजकेच असतात. प्रश्न नीट न ऐकणं. म्हण किंवा वाक्प्रचार शब्दशः घेणं. एकाच गोष्टीला तीनदा तोंड लावणं आणि तिसऱ्यांदा फिरवणं. देवाला शेजारच्या घरातल्या माणसासारखं बोलवणं: गवळणीत मावशी कृष्णाची जी हजेरी घेते ती ऐकली की वाटावं, हा गोकुळाचा राजा नसून कुणाच्या तरी शेतातली काकडी चोरताना सापडलेला पोरगा आहे. ही मावशी बऱ्याचदा पुरुषच करतो. आणि काळाची सरमिसळ. मथुरेला निघालेल्या गोपीला एसटी चुकते आणि कुणालाच त्यात काही खटकत नाही. सुपरहिरोला टेबलामागे बसवायला अमेरिकेला १९९४ उजाडावं लागलं. आमच्याकडे देवाला जकात नाक्यावर उभं करून झालं होतं.

ही सवय तमाशापुरती नाही. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, तो सांगलीमुळे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. त्या प्रकारच्या नाटकांची सुरुवात कशी व्हायची? सूत्रधार मंगलाचरण म्हणायचा आणि मग विदूषक यायचा, वनचराच्या वेषात. दोघांचं संभाषण. सूत्रधार गंभीर, विदूषक वाट्टेल ते बोलणारा. मग गणपती, मग मोरावर बसून सरस्वती, आणि पुढे राक्षस ‘अललल डुर्र’ करत येणार. पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापलं बोलणं बरंचसं आयत्या वेळी बोलायची. शाळेत आपल्याला मराठी नाटकाचा जन्म म्हणून फक्त ‘सीतास्वयंवर’ हे नाव शिकवतात. पडदा वर गेल्यावर पहिल्यांदा एक खोडकर माणूस होस्टला छळत होता, हे कुणी सांगत नाही.

आता कवलापूर. खाडे घराणं. काळू-बाळू हे नाव घरात म्हाताऱ्या माणसांसमोर घेऊन बघा, चेहरा बदलतो. लहू आणि अंकुश संभाजी खाडे, जुळे भाऊ. नावंच लव-कुशावरून ठेवलेली. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी काळू आणि बाळू नावाचे दोन हवालदार केले आणि ती नावं त्यांना कायमची चिकटली. त्यांच्या आधीच्या पिढीचं नाव शिवा-संभा कवलापूरकर आणि त्याच्याही आधी सातू-हिरू. तीन पिढ्या आणि प्रत्येक वेळी जोडीनेच. मला हे फार आवडतं, कारण विनोदाचं गणितच त्या जोडनावात आहे. एकटा सोंगाड्या नुसता जोक सांगतो. जोडी असली की प्रश्न आणि उत्तर यांच्यात जागा तयार होते आणि हसू त्या जागेत असतं. त्यातून जोडी जुळी असेल तर विचारूच नका: कुठला कोण हेच कळत नाही, म्हणजे अर्धा विनोद तोंड उघडायच्या आधी झालेला. लहू, म्हणजे काळू, २०११ साली गेले.

आणि ते हवालदार होते, हे महत्त्वाचं. इथे थोडा थांबतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकाराची किल्ली इथे आहे.

तमाशात काम करणारी माणसं मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतली. समोर कोण? गाव. पहिल्या रांगेत पाटील, सरपंच, कधी फौजदार. म्हणजे ज्यांनी सुपारी दिली तेच. आणि मंचावरचा माणूस फौजदाराची नक्कल करतोय, सावकाराला चोर म्हणतोय, राजाला अडाणी ठरवतोय. दिवसा त्याच माणसाला यांच्या दारात उभं राहताना चार वेळा विचार करावा लागला असता. मग रात्री हे जमतं कसं?

मला वाटतं ते बहिरेपणामुळे जमतं. सोंगाड्याला प्रश्न नीट ऐकू येत नाही ना! ‘गावचा कारभार कोण बघतो?’ असं सरदाराने विचारलं आणि त्याने ‘गावचा कारभार कोण खातो?’ असं ऐकून नाव घेतलं, तर चूक कुणाची? कानाची. पहिल्या रांगेतल्या माणसाला चिडता येत नाही, कारण चिडला तर कबुली दिल्यासारखं होतं. सरदार वर त्याला झापतोही: ‘गाढवा, असं बोलू नको!’ तोही साच्याचाच भाग. स्पेस घोस्ट झोरॅकला भाजतो तसंच. शिक्षा झालेली दिसली, सभ्यता राखली गेली, आणि बोलायचं ते बोलून झालं.

म्हणून जोक तोच तो असावा लागतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन जुनं आणि इनपुट रोज नवं. साचा सगळ्यांना पाठ असल्यामुळे ‘हा आपला नेहमीचा वेडेपणा’ म्हणून तो पास होतो, आणि आत त्या गावचा न झालेला रस्ता, आटलेली विहीर, सोसायटीचं कर्ज काहीही भरता येतं. चांगला सोंगाड्या जत्रेच्या गावात पोचला की आधी चहाच्या टपरीवर बसून गाव काढून घेतो. पूर्ण नवाकोरा जोक सांगणारा माणूस उघडा पडतो, जुना जोक सांगणाऱ्याला आडोसा असतो.

हे सरकारला कळलं नव्हतं असं समजू नका. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. अश्लीलतेचं कारण होतं आणि ते अगदीच खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणेसाठी समिती बसली. नंतर तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आलं: आधी संहिता दाखवा, मग प्रयोग करा. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ची १९७२ ची भांडणं याच मंडळाशी झाली, ती आपल्याला माहीत असतात. पण बतावणीचं काय, याचा विचार करून बघा. जी गोष्ट संध्याकाळी टपरीवर ठरते ती आधीच कागदावर कशी द्यायची? वग लिहून देता येतो. ऐकू न येणं लिहून कसं देणार?

वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, म्हणजे पुन्हा आमच्याच जिल्ह्यातले. लहानपणी तमाशात वावरलेले. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं आणि तमाशाचं लोकनाट्य केलं. देवाचा गण काढला, गवळण काढली, पण सवाल-जबाबाचा तो टोकदार साचा ठेवला. फक्त आता सोंगाड्याच्या समोर पाटलाऐवजी गिरणीमालक होता.

१९६५ मध्ये वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं. दादा कोंडके पुन्हा हवालदार! हा योगायोग नाही. गणवेश म्हणजे अधिकार, आणि तो सगळ्यात खालच्या पायरीचा अधिकार असल्यामुळे त्याला हसता येतं. कोंडके प्रयोगागणिक त्या दिवसाच्या पेपरातलं राजकारण आत टाकायचे. इनपुट बदलला, फंक्शन तेच.

मग टीव्ही. २०१४ मध्ये झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं. थुकरटवाडी नावाचं नसलेलं गाव, डॉ. निलेश साबळे सरदाराच्या जागी, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे ही मंडळी सोंगाड्यांच्या. खरे स्टार पाहुणे येऊन बसणार आणि गाव त्यांना छळणार. मराठीतला टॉक शोच्या विडंबनाचा सगळ्यात मोठा प्रयोग हाच, आणि त्याचा सांगाडा बतावणीचा आहे. मी कॉलेजात असताना आख्खं हॉस्टेल एका लॅपटॉपभोवती बसून तो बघायचं. भाऊ कदम नुसते येऊन उभे राहिले तरी पुरायचं.

पण फरक आहे. थुकरटवाडीत येणारा पाहुणा सिनेमाच्या प्रमोशनला आलेला असतो. त्याला चिमटा काढायचा तर हलका, शेवटी तिकिटं विकायची आहेत. ‘स्पेस घोस्ट’मध्ये पाहुण्याला शेवटी काय दिसणार हे ठाऊक नव्हतं. तमाशात तर पाहुणा मंचावर नसून पहिल्या रांगेत होता, सुपारी देऊन बसलेला. टीव्हीवर तो पाहुणा शोचा मित्र झाला. मग बाण जायचे कुठे? ते वळले रंगावर, वजनावर, साडी नेसलेल्या पुरुषावर. साडीतला पुरुष तमाशातही होता, पण तिथल्या मावशीला देवाची उलटतपासणी घ्यायची होती. इथे बऱ्याचदा साडी हाच जोक असतो. साचा वाचला, आतला माल बदलला. मला हे एपिसोड आवडतात, आजही लावतो, आणि तरी हे खटकतं.

एक शेवटचं. वग बरेच छापले गेले. बतावणीला ते भाग्य फारसं मिळालं नाही, कारण ती छापायची वस्तूच नव्हती. यूट्यूबवर काळू-बाळू शोधलंत तर जुनी रेकॉर्डिंग सापडतात, आवाज खरखरतो पण ढोलकीची थाप कळते. तेव्हा असं करा: आजोबा, आजी, शेजारचे काका, ज्यांनी कनातीत बसून तमाशा बघितलाय, त्यांना एखादी बतावणी आठवते का विचारा. आठवली तर फोनवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. अर्धवट चालेल, शिव्या असल्या तरी चालेल. फक्त जत्रा कुठल्या गावची आणि जोक कुणावर होता एवढं नक्की विचारून घ्या.