वर्णन कोणाचं, लेखणी कोणाची?

‘मुलगी गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’, ‘मुलगा निर्व्यसनी, सुस्वभावी’. वर्तमानपत्रांतल्या ‘वर पाहिजे, वधू पाहिजे’ या सदरात हीच विशेषणं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. आता ही माहिती विवाहविषयक संकेतस्थळावर किंवा मोबाइलवर आपली आपणच भरता येते. ‘स्वतःविषयी लिहा’ असा रिकामा चौकोन समोर येतो आणि भल्याभल्यांना शब्द सुचेनासे होतात. हा चौकोन नवा दिसला, तरी त्यामागे तीनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

जॉन हॉटन नावाचा एक औषधविक्रेता लंडनमध्ये शेती आणि व्यापाराविषयी एक पत्र काढत असे. १९ जुलै १६९५ च्या अंकात त्याने लग्नाच्या दोन जाहिराती छापल्या. अशा छापील जाहिरातींत या सहसा पहिल्या मानल्या जातात. एक गृहस्थ तिशीचा. आपली मालमत्ता उत्तम असल्याचं सांगून त्याला सुमारे ३,००० पौंडांची धनी असलेली तरुणी हवी होती. दुसरा पंचविशीचा. धंदा चांगला, वडील १,००० पौंड देणार, आईवडिलांचा धर्मपंथ अमुक आणि स्वभाव संयमी. आपल्याकडच्या ‘निर्व्यसनी, सुस्वभावी’चाच हा थोरला भाऊ! या गृहस्थांना काय आवडतं, कशाचं हसू येतं, याचा मात्र पत्ता नाही.

पुढे वृत्तपत्रं वाढली आणि जाहिरातीचे पैसे शब्दांवर किंवा ओळींवर आकारले जाऊ लागले. साहजिकच शब्द आखडले. ‘विनोदबुद्धी चांगली’ एवढं सांगायला इंग्रजी वृत्तपत्रांत चार आद्याक्षरं पुरू लागली. आपल्याकडे उंची, शिक्षण, पगार आणि पत्रिका यांत जागा संपे. शिवाय मजकूर लिहिणारे बहुधा वडील, काका नाहीतर मामा. जिच्याविषयी लिहायचं, तिला विचारलं जाईच असं नाही.

१९६५ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ सुरू केलं. ३ डॉलर भरून प्रश्नावली पाठवायची. संगणक अनुरूप व्यक्तींची नावं काढून देई. इथे माणूस स्वतःविषयी स्वतः सांगू लागला, पण तयार उत्तरांवर खुणा करून. १९९५ मध्ये मॅच डॉट कॉम आलं आणि शब्दाशब्दाला पैसे मोजण्याची गरज उरली नाही.

मग लोक मोकळेपणाने लिहू लागले का? फारसे नाही. ‘प्रेमळ, कुटुंबवत्सल, प्रवासाची आणि वाचनाची आवड’ अशी नवी ठरावीक विशेषणं आली. ती खोटी नसतात. पण ती कोणालाही लागू पडतात, म्हणून कोणाचीच ओळख करून देत नाहीत. ‘वाचनाची आवड’ यापेक्षा ‘कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचते’ हे वाक्य वाचणाऱ्याला निदान एक प्रश्न विचारायला लावतं. लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स या नियतकालिकाने १९९८ मध्ये असं सदर सुरू केलं, तेव्हा लोकांनी आपल्या खोडी, वय आणि फजिती यांवरच विनोद केले. ज्यांना लग्न करायचं नव्हतं, तेही त्या जाहिराती आवडीने वाचू लागले. २००६ मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं.

आपल्या विवाहविषयक संकेतस्थळांवर एक साधा प्रश्न असतो : ही माहिती कोणी भरली? स्वतः, आईवडील की भावंडं? इतिहासाच्या दृष्टीने मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलींविषयी इतरांनीच लिहिलं, त्यांच्या हाती आता लेखणी आली आहे. तिने पुन्हा ‘गृहकृत्यदक्ष’च लिहायचं, तर फक्त हस्ताक्षर बदललं. श्रोतेहो, आपल्या घरात कोणी हा चौकोन भरत असेल, तर त्यात निदान एक वाक्य असं येऊ द्या, जे मामांना लिहिता आलं नसतं.