तीन मास्तर आणि तीन नंबरचा चेंडू

"पाच वर्षांच्या लेकराला फुटबॉल शिकवायचा असेल तर हिंगोलीत कुठं पाठवावं?" मंडळी, गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला निदान चार जणांनी विचारला. मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं, खेळाचा तास माझ्याकडं कधीच नव्हता. पण निवृत्त मास्तराला गावात काहीही विचारायची मुभा असते! खताचा भाव, मुलीचं स्थळ, दाखल्यावरची जन्मतारीख... आणि आता फुटबॉल.

या चौघांतली एक तर आमची सूनबाईच. नातू पाच वर्षांचा आहे. त्याचा पुण्यातला मावसभाऊ आठवड्यातून तीन दिवस कुठल्याशा अकॅडमीत जातो, रंगीत जर्सी घालतो आणि त्याचे फोटो आमच्या घरच्या मोबाइलवर येऊन पडतात. ते पाहून सूनबाईला वाटतं, आपलं लेकरू मागं पडणार. मुलगा म्हणतो, दर रविवारी नांदेडला नेऊ. म्हणजे एका तासाच्या खेळासाठी जाऊन-येऊन चार तास गाडीत! घरात यावरून थोडी धुसफूसही झाली. इतिहासाच्या मास्तराला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही, तो जुनी पानं चाळायला लागतो. चाळता चाळता मला तीन माणसं सापडली. गंमत म्हणजे तिघंही मास्तर!

पण त्याआधी थोडं आपल्या गावाविषयी. हिंगोलीत रिसाला बाजार आहे, पलटण नावाची वस्ती आहे. रोज ही नावं घेतो, पण ती आली कुठून हे फारसं कुणी विचारत नाही. निजामाच्या राज्यात 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती, अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाचा. तिच्या छावण्यांपैकी एक हिंगोलीला होती. 1903 साली ती फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली, छावणी उठली आणि नावं मागं राहिली. आपल्या देशात फुटबॉल आला तोही अशा पलटणींच्या पायांनीच. 1888 साली सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला आणि 1891 साली मुंबईत रोव्हर्स कप. दोन्ही गोऱ्या शिपायांच्या करमणुकीसाठी. रोव्हर्स कप पहिल्यांदा एका हिंदी संघाकडं गेला तो 1937 साली, बंगळुरू मुस्लिम्स या संघाकडं. म्हणजे सेहेचाळीस वर्षं लागली!

आता पहिले मास्तर. सय्यद अब्दुल रहीम. जन्म 1909, हैदराबाद. पेशा शाळामास्तराचा, जोडीला शारीरिक शिक्षणाची पदविका. 2024 साली आलेल्या 'मैदान' या सिनेमामुळं नव्या पिढीला त्यांचं नाव कळलं, अजय देवगणनं त्यांची भूमिका केली आहे. त्यांच्या हाताखाली भारतानं 1951 साली दिल्लीला आणि 1962 साली जकार्ताला एशियाडचं सुवर्णपदक मिळवलं आणि 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. 11 जून 1963 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगानं ते गेले. त्यानंतर एशियाडचं फुटबॉलमधलं सुवर्ण आपल्याला आजपर्यंत मिळालेलं नाही.

आणि एक लक्षात घ्या. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपला परभणी जिल्हा, आणि त्यातला हिंगोली तालुका, हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे 1951 चं ते पहिलं सुवर्ण मिळालं तेव्हा रहीमसाहेब आपल्याच राज्यातले मास्तर होते! मराठवाड्याच्या शाळांत हे कुणी सांगत नाही. भाषावार प्रांतरचनेत जिल्हे इकडं आले, पण तिकडची काही माणसं आपल्या आठवणीतून तिकडंच राहून गेली.

सूनबाईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पदकांत नाही, रहीमसाहेबांनी पोरांसाठी जे केलं त्यात आहे. त्यांनी पोरांसाठी निरनिराळ्या अटींच्या स्पर्धा भरवल्या. एकीत चेंडू पायात घोळवत न्यायची मनाई, आला की लगेच सोबत्याला द्यायचा. एकीत फक्त कच्च्या पायानं खेळायचं, म्हणजे उजव्या पायाच्या पोरानं डाव्यानंच. आणि एक स्पर्धा ठरावीक उंचीपेक्षा कमी उंचीच्या पोरांसाठी. सगळीच बुटकी पोरं असली म्हणजे धिप्पाड पोरगा सगळ्यांना ढकलून पुढं जात नाही, आणि चेंडू हवेत उडवण्याऐवजी जमिनीवरून खेळावा लागतो. बघा, किती मास्तरकीचं डोकं आहे! वर्गातही आपण हेच करतो. हुशार मुलाला 'तू थांब' म्हणतो आणि मागच्या बाकावरच्याला फळ्यावर बोलावतो. रहीमसाहेबांनी ते भाषणानं केलं नाही, खेळाचा नियमच बदलून केलं.

तुलसीदास बलराम हे त्यांच्या मोठ्या शिष्यांपैकी एक. घर सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याला, परिस्थिती गरिबीची. सरावाला यायला पैसे नाहीत म्हटल्यावर रहीमसाहेबांनी त्यांच्यासाठी सायकलची सोय केली. पुढं बलराम दोन ऑलिंपिक खेळले. शिकवणी कितीही चांगली असली तरी लेकरू तिथवर पोचणार कसं, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही हिंगोली-नांदेड रस्त्यावर तोच आहे.

दुसरे मास्तर फार लांबचे. उरुग्वे देशाची राजधानी मोंतेविदेओ. साल 1930. त्याच वर्षी तिथं फुटबॉलचा पहिला विश्वचषक झाला आणि उरुग्वेनंच तो जिंकला. सगळ्या गावाला फुटबॉलचं वेड लागलेलं! तिथल्या वायएमसीएमध्ये हुआन कार्लोस सेरियानी नावाचे शारीरिक शिक्षणाचे मास्तर होते. पोरं बास्केटबॉलच्या छोट्या पटांगणात फुटबॉल खेळायची. सेरियानींनी त्यांना हाकललं नाही, त्या जागेला साजेसे नियम बांधून दिले. बास्केटबॉलसारखे एका बाजूला पाच खेळाडू, हँडबॉलसारखे छोटे गोल, आणि पुढं फार न उसळणारा चेंडू. यालाच आज फुटसाल म्हणतात. ब्राझीलचे पेले आणि रोनाल्डिन्यो लहानपणी हाच खेळ खेळून वाढले. साधं गणित आहे. बावीस जणांत पाच-सहा वर्षांच्या लेकराच्या पायाला चेंडू लागणार तो नशिबानं! दहा जणांत तो पुन्हा पुन्हा येतो. मोठं मैदान नाही म्हणून रडत बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे मास्तर ध्यानात ठेवावेत.

तिसरे मास्तर आपल्या नागपूरचे. विजय बारसे, हिस्लॉप कॉलेजातले खेळाचे शिक्षक. 2001 साली पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना त्यांना दिसली. त्यांनी त्या पोरांना चेंडू दिला आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. आज तो 'स्लम सॉकर' या नावानं ओळखला जातो. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (2022) याच कामावर बेतलेला आहे. त्या पोरांना संघ शोधून द्यायला आईबाप कुठं फिरले नव्हते. संघच त्यांच्याकडं चालत आला, कारण एक मास्तर पावसात थांबून बघत राहिला.

आता आपल्याकडं या. 15 सप्टेंबर 2017 रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दोनच दिवस आधी, महाराष्ट्र सरकारनं राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक पुढच्याच महिन्यात भारतात होता. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचे वडील रिक्षा चालवायचे. शाळांना चेंडू मिळाले, पोरं खेळली, फोटो निघाले. नंतरच्या पावसाळ्यात मी एका शाळेत कार्यक्रमाला गेलो होतो. तिथले चेंडू हेडमास्तरांच्या कपाटात होते. एकातली हवा गेलेली आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडं! हवा भरायचा पंप नव्हता. मला त्या हेडमास्तरांचाही राग आला नाही. चेंडू हरवला तर खुलासा त्यांनाच द्यावा लागणार होता, पोरं खेळली नाहीत तर कुणी विचारणार नव्हतं.

खरी अडचण याहून खोल आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं म्हटलं आहे. पण खेळाच्या शिक्षकाची तरतूद बघा. सहावी ते आठवीच्या वर्गांना, तीही पट शंभराच्या वर असेल तर आणि तीही अर्धवेळ. पहिली ते पाचवीला काहीच नाही! म्हणजे ज्या वयात लेकराला धावायची सर्वांत जास्त हौस, त्याच वयात त्याला खेळाचा मास्तर नाही. आमच्या काळी हायस्कूलला पीटीचे सर असायचे, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. 1914 साली निघालेल्या त्या संस्थेनं विदर्भ-मराठवाड्याला किती खेळशिक्षक दिले! पण तेही पाचवीच्या पुढच्यांना. बालवाडीचं पोर तेव्हाही आपलं आपणच धावायचं. तेव्हा त्याला गल्ली होती, खळं होतं, निघालेल्या पिकाचं रान होतं. आता गल्लीत मोटारसायकली आहेत आणि रानात एक पीक निघायच्या आत दुसरं पडतं.

मग पाच वर्षांच्या लेकरानं काय करावं? अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं 2018 साली 'गोल्डन बेबी लीग' सुरू केल्या, साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी. त्यामागचा विचार मला आवडला. संघ लहान, मैदान लहान, मुलं-मुली एकत्र, आणि ही लीग चालवायला मोठा क्लब लागत नाही, शाळा किंवा पालकही चालवू शकतात. चेंडूसुद्धा वयाप्रमाणं असतो. मोठ्यांचा पाच नंबरचा, घेर 68 ते 70 सेंटिमीटर. आठ वर्षांखालच्यांना तीन नंबरचा, घेर साठाच्या आतबाहेर. आणि डोक्यानं चेंडू मारायला लावायचंच नाही. अमेरिकेत 2015 साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते बंद केलं, इंग्लंडमध्ये 2020 साली प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून काढून टाकलं, कारण मेंदूला इजा होण्याची भीती. चेंडू जमिनीवर ठेवा म्हणणाऱ्या रहीमसाहेबांचा खेळ या वयाला असाही बसतो.

हे सगळं मी घरात मांडलं. सूनबाई शांतपणे ऐकून म्हणाली, "बाबा, इतिहास ठीक आहे. पण रविवारी काय करायचं ते सांगा."

रास्त प्रश्न होता. मग आम्ही हिशेब केला. नांदेडच्या एका महिन्याच्या जाण्यायेण्याच्या पेट्रोलमध्ये तीन नंबरचे चार-पाच चेंडू येतात आणि वर हवा भरायचा पंप. जवळच्या शाळेचं पटांगण रविवारी रिकामंच असतं, हेडमास्तर माझ्या ओळखीचे आहेत. पटांगण मुरमाचं आहे हे एक बरं. आपली काळी माती पावसाळ्यात पायाला धरते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की पोराचा पाय मुरगळलाच समजा. मार्च ते जून सकाळी सात ते आठ, त्यानंतर ऊन सोसत नाही. गोलाच्या जागी चपला. एका बाजूला चार पोरं, पोरींसकट. गुण कुणी लिहायचे नाहीत. शेवटची दहा मिनिटं कच्च्या पायानं, रहीमसाहेबांच्या नावानं. मी खुर्ची टाकून बसणार, धावायचं काम माझ्या मुलाचं. त्याच्या पोटाला तेवढंच बरं!

यातून कुणी बलराम निघेल असं मी म्हणत नाही. पोरगं बारा-तेरा वर्षांचं झालं, पायात खरंच काही दिसलं, तर पुण्याची क्रीडा प्रबोधिनी आहे, तेव्हा नांदेडच काय, पुण्यालाही नेऊ. अनिकेत जाधवही कोल्हापूरहून तिथंच गेला होता. पण पाचव्या वर्षी लेकराला निवड नको असते, सोबती हवे असतात. पुण्याच्या फोटोतल्या जर्सीपेक्षा मला त्या फोटोतली बाकीची नऊ पोरं मोलाची वाटतात. ती नऊ पोरं हिंगोलीतही आहेत. सध्या ती घराघरांत मोबाइल धरून बसलेली आहेत.

आतापर्यंत सात नावं आली आहेत. त्यांतल्या तीन मुली. एकीची आजी विचारत होती, पोरीनं फ्रॉक घालून आलं तर चालेल का? म्हटलं, चालेल. फक्त चपला काढून गोलाला द्याव्या लागतील.