गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी : पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं

सकाळी कोपरखैरण्याहून निघताना गाडी एका चावीत सुरू होते. तुर्भे, नेरूळ, बेलापूर व्यवस्थित जातं. खारघरच्या आसपास तापमानाचा काटा मधोमध स्थिरावतो आणि इंजिन अचानक गप्प होतं. चावी मारली की स्टार्टर फिरतो, पण इंजिन उचलत नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी पुन्हा सुरू! गॅरेजला न्यावी तर तिथे तासभर उभी राहून ती थंड झालेली असते आणि उस्ताद म्हणतो, "गाडी तर मस्त चालतेय, भाई."

आपल्यातल्या बऱ्याच कुटुंबांची गाडी नवी मुंबईत आणि गाव कोकणात. ईदला किंवा सुट्टीत म्हसळा, श्रीवर्धन, महाड, खेड ठरलेलं असतं. कधी रात्री अकराला मय्यतीचा फोन येतो आणि सकाळच्या जनाज्याला पोचायचं असतं. तेव्हा पळस्पे फाटा ओलांडल्यावर गाडीनं दगा दिलेला परवडत नाही. म्हणून हा बिघाड कसा शोधायचा ते इथे जरा सविस्तर सांगतो. मुख्य गोष्ट अशी की गरम गाडीचा बिघाड थंड गाडीत सापडत नाही. गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही काय पाहिलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी सुरक्षितता. चालत्या गाडीचं इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो. म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरा. गाडी हलत असताना चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. पार्किंग लाइट लावून डावीकडे घ्या आणि मुलांना बॅरिकेडच्या पलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही ११२ हे नंबर आहेत. काटा लाल पट्टीत गेला असेल तर मामला वेगळा, ते ओव्हरहीटिंग. त्यात रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही आणि गाडी पुढे रेटायची नाही.

काटा नॉर्मल असेल तर पहिला प्रश्न : गाडी त्या वेळी कशावर चालत होती, सीएनजीवर की पेट्रोलवर? आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या इतक्या आहेत की निम्मा गोंधळ इथेच होतो. बहुतेक सिक्वेन्शियल किटमध्ये गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन थोडं तापलं की आपोआप गॅसवर जाते. (काही नव्या मॉडेल थेट गॅसवर सुरू होतात.) मालकाला वाटतं, गरम झाली म्हणून बंद पडली. खरं तर गाडी ज्या क्षणी गॅसवर गेली त्या क्षणी बंद पडली. स्विचवरचा दिवा बघायची सवय लावा. दिवा बदलला आणि झटका देऊन बंद पडली तर गॅस फिल्टर, रिड्यूसर, गॅसचे इंजेक्टर किंवा किटचं ट्यूनिंग यांकडे बघायचं.

सोपी चाचणी म्हणजे स्विच पेट्रोलवर ठेवून दोन-तीन दिवस तोच रस्ता त्याच वेळी चालवणे. पेट्रोलवर बंद पडली नाही तर दोष गॅसच्या बाजूला. गॅसवर चालते आणि पेट्रोलवर मरते तर पेट्रोलच्या बाजूला. दोन्हीवर सारखीच बंद पडते तर दोन्हींना सामाईक असलेल्या गोष्टी उरतात : स्पार्क, सेन्सर, हवा, वायरिंग. एक रुपया खर्च न करता अर्धी यादी बाद होते.

रिड्यूसरबद्दल थोडं. दाब कमी होताना गॅस थंड पडतो, म्हणून रिड्यूसरला इंजिनच्या गरम कूलंटची नळी जोडलेली असते. कूलंट कमी असेल किंवा ती नळी तुंबली असेल तर लांबच्या रस्त्यावर रिड्यूसर गारठतो आणि गाडी गुदमरते. बंद पडल्यावर बॉनेट उघडून बघा. इंजिन तापलेलं आणि रिड्यूसरवर मात्र दव किंवा बर्फ दिसला तर उत्तर मिळालं. सीएनजी किटचं काम मात्र घरी करायचं नाही, अधिकृत फिटरकडेच द्यायचं.

दुसरा प्रश्न : कशी बंद पडली? लाइटचं बटण दाबल्यासारखी एकदम, की आचके देत, की फक्त सिग्नलला उभी असताना?

फक्त उभी असताना, आयडलवर बंद पडत असेल तर बहुधा हवेचा मामला. थंड इंजिनला कॉम्प्युटर जास्त इंधन देतो आणि आरपीएम वर ठेवतो. त्यामुळे मळलेली थ्रॉटल बॉडी किंवा फाटका व्हॅक्यूम पाइप सकाळी लपून राहतो. इंजिन तापलं की आरपीएम सातशे-आठशेवर उतरतो आणि मग दोष उघडा पडतो. वाशी टोल नाक्याच्या रांगेत बंद पडते पण पाम बीचला वेगात असताना कधीच नाही, अशी तक्रार असेल तर आधी थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. तरीही फरक नसेल तर आयडल व्हॉल्व्ह, ईजीआर आणि पर्ज व्हॉल्व्ह तपासायला सांगा. पाइप उंदरांनी कुरतडलेला निघणं हेही आपल्याकडे नवीन नाही, विशेषतः पावसाळ्यात.

एकदम, कुठलीही सूचना न देता बंद पडली तर संशय क्रँक सेन्सर, इग्निशन कॉइल किंवा मेन रिलेवर. या तिन्हींत बारीक तारा नाहीतर डाखाचे सांधे असतात. तापल्यावर ते प्रसरण पावतात, तडा उघडतो आणि सिग्नल तुटतो. थंड झाले की पुन्हा जुळतात. थांबल्यावर गाडी सुरू होण्याचं रहस्य हेच. क्रँक सेन्सर गेला की इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळतच नाही, मग तो स्पार्क आणि इंधन दोन्ही थांबवतो. बंद पडल्याबरोबर स्टार्टर मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. तो थोडाही हलला नाही तर हा सेन्सर यादीत सर्वांत वर ठेवा. बेस मॉडेलला तो काटा नसतो, तिथे स्कॅनरवर तोच आकडा दिसतो. चांगला इलेक्ट्रिशियन सेन्सर काढून मल्टीमीटरला लावतो आणि हेअर ड्रायरने तापवून रीडिंग कुठे तुटतं ते बघतो.

आचके देत, ताकद सोडत बंद पडली तर इंधन कमी पोचतंय. चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं आवाज यायला हवा, तो पेट्रोल पंप. थंड गाडीत आवाज येतो आणि बंद पडल्यावर येत नाही, तर पंप किंवा त्याचा रिले बघायचा. टाकीतलं पेट्रोलच त्या पंपाला थंड ठेवतं. सीएनजीवाले महिनोन्‌महिने पेट्रोल रिझर्व्हवर ठेवतात आणि नंतर पंपाला दोष देतात. टाकी पाव तरी भरलेली असू द्या. आणखी एक फुकटची चाचणी : बंद पडल्यावर पेट्रोलचं झाकण उघडा. जोरात हवा आत ओढली गेली आणि मग गाडी लगेच सुरू झाली तर टाकीचा हवेचा मार्ग तुंबलाय. त्या वेळी जवळ कुणी सिगारेट ओढत नाही ना, ते मात्र बघा.

घरातले बुजुर्ग ओलं फडकं टाकायला सांगतील. त्यांचं चुकत नाही. प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पंप इंजिनला चिकटलेला असायचा, पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडायचा आणि ओल्या फडक्याने तो सुटायचा. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी गेली आणि तो उपायही तिच्याबरोबर गेला. आजच्या इंजेक्शन गाडीत पंप टाकीत असतो आणि पेट्रोल दाबाखाली असतं. फडकं तिथे काय करणार? उलट कॉइलवर पाणी गेलं तर नवं दुखणं.

स्कॅनर लावाच, पण त्यावरच विसंबू नका. गरम होऊन तुटणारा सेन्सर कित्येकदा कोड सोडतच नाही. सोडला आणि पी-०३३५ आला तर तो क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. सर्किट म्हणजे सेन्सर आणि वायर-कनेक्टर दोन्ही, म्हणून आधी कनेक्टर हलवून बघायला सांगा. इंजिन गरम असताना कूलंटचं तापमान स्कॅनरवर उणे किंवा भलतंच दिसत असेल तर तो सेन्सर खोटं बोलतोय आणि इंजिनला नको तेवढं पेट्रोल पाजतोय.

आमच्या घरच्या जुन्या गाडीला एका गॅरेजने ओळीने बॅटरी, प्लग आणि पेट्रोल पंप बदलला. चौथ्यांदा बंद पडली तेव्हा आम्ही टो करून गरम अवस्थेतच दुसरीकडे नेली. दोष अर्ध्या तासात सापडला, क्रँक सेन्सरचा. तेव्हापासून गाडीत एक वही असते. तारीख, किती किलोमीटर चालल्यावर, गॅस की पेट्रोल, एसी चालू की बंद, आरपीएमचा काटा हलला का, किती मिनिटांनी सुरू झाली. मेकॅनिकच्या हातात चावीबरोबर ते पान द्या, गाडी थंड होऊ न देता तिथपर्यंत न्या, आणि जो पार्ट बदलला तो जुना पार्ट परत मागून घ्या.